गेम बॉय, लिंक्स, गेम गिअर : सगळं भांडण पडद्यामागच्या दिव्याचं

पिक्सेलवेडा (धागाकर्ता)

हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : "गेम बॉय स्वस्त होता, सेल जास्त टिकायचे, म्हणून जिंकला." वाक्य खरं आहे, पण ते अर्ध्या वाटेत थांबतं. सेल का टिकायचे? स्वस्त का पडायचा? आणि ॲटारी, सेगा, एनईसी यांच्यासारख्या मुरलेल्या कंपन्यांना तेच का जमलं नाही?

बरीच वर्षं वाचून आणि खेळून माझं मत असं झालंय, की १९८९ ते १९९१ मध्ये जे काही घडलं त्याची गाठ एकाच ठिकाणी आहे. पडद्यामागचा दिवा.

आधी कोण कधी आलं ते सांगतो. निन्टेंडोचा गेम बॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ ला आला, अमेरिकेत त्याच वर्षी जुलैअखेर, ९० डॉलरला. ॲटारीचा लिंक्स सप्टेंबरात, १८० डॉलरला. सेगाचा गेम गिअर जपानमध्ये ६ ऑक्टोबर १९९० ला आणि अमेरिकेत १९९१ मध्ये, १५० डॉलरला. एनईसीचा टर्बोएक्स्प्रेस १९९० मध्ये, तब्बल २५० डॉलरला. यांत एकट्या गेम बॉयचा पडदा एकरंगी, हिरवट जमिनीवर चार छटा. बाकी तिघे रंगीत.

आता त्या काळातला रंगीत एलसीडी कसा चालायचा बघा. एलसीडी स्वतः उजेड देत नाही. एकरंगी पडद्यामागे चकचकीत थर दिला की बाहेरचा उजेड आत जाऊन परत येतो आणि चित्र दिसतं. कॅल्क्युलेटरमध्ये हेच असतं. रंगीत पडद्यात प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी, निळी गाळणी येते आणि ती बहुतेक उजेड अडवते. त्यामुळे मागे दिवा हवाच. तो दिवा म्हणजे बारीक फ्लुरोसंट नळी, ती पेटवायला चढं व्होल्टेज, ते तयार करायला वेगळं सर्किट. रंग म्हटला की दिवा, दिवा म्हटला की सहा पेन्सिल सेल, सहा सेल म्हटले की मोठा डबा, वजन आणि वाढलेली किंमत. पहिला निर्णय घेतला की पुढचे सगळे आपोआप झाले.

गेम बॉय चार सेलवर साधारण १५ तास चालायचा. गेम गिअर सहा सेलवर तीन ते पाच तास. आपण चार धरू. म्हणजे तीस तास खेळायला गेम बॉयला ८ सेल लागणार आणि गेम गिअरला ४५. आणि हे सेल विकत आणणार आईवडील.

निन्टेंडोत गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोईने १९८० पासून 'गेम अँड वॉच' ही हातातल्या छोट्या खेळांची मालिका काढली होती, कॅल्क्युलेटरचेच पडदे वापरून. त्याचं सूत्र असं, की नव्या महागड्या तंत्रामागे न धावता जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याचे सगळे गुणदोष माहीत आहेत, त्याचा वेगळा उपयोग शोधायचा. दुकानात शेजारी शेजारी मांडल्यावर गेम बॉय फिका दिसणार हे उघड होतं, तरी त्याने दिवा घेतला नाही. योकोईने नंतर एक आठवण सांगितली आहे : प्रतिस्पर्धी नवं यंत्र आणतोय असं कळल्यावर त्याने विचारलं, पडदा रंगीत आहे का? हो म्हटल्यावर तो निश्चिंत झाला.

व्हिडिओ गेमच्या इतिहासात इतका धाडसी निर्णय मला दुसरा दिसत नाही. ज्यांनी ही यंत्रं खरोखर हाताळली आहेत त्यांनी जरूर लिहा.

---

बे_एरियाकर

मांडणी आवडली, पण लिंक्सला 'दिवा आणि सेल' एवढ्यात गुंडाळू नका अशी कळकळीची विनंती. मी कामानिमित्त कॅलिफोर्नियात आलो तेव्हा जुन्या वस्तूंच्या बाजारात पहिल्यांदा लिंक्स हातात घेतला, आणि तेव्हापासून त्याच्या प्रेमात आहे.

हे यंत्र बनवलं आर. जे. मायकल आणि डेव्ह नीडल यांनी. दोघेही अमिगा संगणक घडवणाऱ्या चमूतले. एपिक्स या कंपनीत 'हँडी' नावाने काम सुरू झालं. आत दोन खास चिपा होत्या, मायकी आणि सुझी. सुझी चित्राचा आकार चालू खेळात हवा तसा लहानमोठा करून पडद्यावर टाकायची, आणि हे सगळं हार्डवेअरमध्ये. १९८९ मध्ये निन्टेंडो आणि सेगाच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रांतही ही सोय नव्हती! ४०९६ रंगांतून निवड करता यायची. डावखुऱ्यांना यंत्र उलटं फिरवून धरता यायचं, चित्रही त्याबरोबर फिरायचं. आज कुणी असा विचार करतं का?

आणि मग जे झालं ते फार वाईट झालं. जॅक ट्रॅमिएलने स्वतः स्थापन केलेली कमोडोर ही संगणक कंपनी १९८४ मध्ये सोडली आणि त्याच वर्षी ॲटारीचा संगणक व गेमचा धंदा घेतला. त्याच वर्षी अमिगा कंपनी ॲटारीच्या हातून निसटून कमोडोरकडे गेली. पाच वर्षांनी एपिक्सचे पैसे संपले आणि हँडी गेला कुणाकडे, तर ॲटारीकडे. ज्या दोघांचं अमिगा एका घरी गेलं, त्यांचं पुढचं अपत्य बरोबर समोरच्या घरी गेलं. ते दोघे नव्या मालकाबरोबर राहिले नाहीत. घडवणारे हात गेल्यावर ते यंत्र कोण वाढवणार?

खेळांचं बघा. लिंक्ससाठी अधिकृत खेळ निघाले जेमतेम ७५ च्या आसपास. गेम बॉयसाठी हजाराच्या वर. दिवा काढून टाकला असता तरी हा फरक भरून निघाला नसता.

डब्याच्या आकाराबद्दल एक गोष्ट. मायकलने नंतर सांगितलंय की ग्राहकांना नमुने दाखवले तेव्हा लोकांना मोठा डबा जास्त आवडला, पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. पहिल्या लिंक्समध्ये चक्क रिकामी जागा होती. १९९१ चा दुसरा लिंक्स लहान झाला आणि १०० डॉलरच्या आत आला. तेव्हा मोठ्या डब्याचा सगळा दोष दिव्याच्या माथी मारता येणार नाही.

---

पिक्सेलवेडा

@बे_एरियाकर, रिकाम्या जागेचा मुद्दा मान्य. पण दुसऱ्या लिंक्सलाही सहा सेल लागायचेच. डबा लहान झाला, किंमत उतरली, भूक तशीच राहिली. माझा मुद्दा त्या भुकेचा आहे.

---

मीनल_ना

वाचतेय. आमचं बालपण मस्कतला गेलं, वडील तिथे नोकरीला होते. तिथल्या दुकानांत गेम बॉय आणि गेम गिअर दोन्ही असायचे. शेजारच्या मुलाकडे गेम गिअर, माझ्याकडे गेम बॉय. घरात, संध्याकाळी, त्याचं यंत्र बघून मला माझं दाखवायची लाज वाटायची. सेगाच्या खेळातल्या सॉनिकचा तो निळा रंग!

उन्हाळ्यात मात्र आम्ही सगळे सुट्टीला गावी यायचो, आणि एसटीच्या खिडकीत बसून खेळताना उलटं व्हायचं. मागून येणारा उजेड भर उन्हात कमी पडतो, त्यामुळे त्याचा पडदा धुवून काढल्यासारखा दिसायचा आणि माझा जितकं ऊन तितका स्वच्छ. त्यातून त्याचं यंत्र घरी ॲडॅप्टरवरच असायचं, म्हणजे वायर भिंतीला आणि मुलगा वायरला. प्रवासासाठी घेतलेली वस्तू प्रवासातच चालत नव्हती. धाग्यातलं दिव्याचं म्हणणं मला त्यामुळे लगेच पटलं.

---

असेंब्लीवाला

मी हौस म्हणून गेम बॉयसाठी छोटे खेळ लिहितो. आतून बघितलं की हे यंत्र किती एकसंध विचारातून आलंय ते कळतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. चित्र ठिपक्या-ठिपक्याने काढायचं नसतं. ८ बाय ८ च्या फरशा करायच्या आणि त्या मांडायच्या. पडद्यावर आडव्या २० आणि उभ्या १८ फरशा बसतात. कामाची मेमरी फक्त ८ किलोबाइट, चित्रांची आणखी ८. शार्पने बनवलेला प्रोसेसर साधारण ४ मेगाहर्ट्झचा.

आता टेट्रिस घ्या, वरून पडणारे तुकडे रचून ओळी भरायचा खेळ. गेम बॉयवरच्या टेट्रिसची विहीर, म्हणजे तुकडे पडतात ती चौकट, १० फरशा रुंद आणि १८ फरशा उंच आहे. म्हणजे बरोबर पडद्याइतकी उंच! निन्टेंडोच्या टीव्हीवरच्या टेट्रिसमध्ये ती २० होती. आणि खरी मजा पुढे आहे. या पडद्याचा मोठा दोष म्हणजे तो मंद आहे. चित्र सरकलं की मागे पुसट सावली राहते. धावतं दृश्य असलेले खेळ त्यामुळे माखल्यासारखे दिसतात. १९८९ च्या सुपर मारिओ लँडमध्ये माणूस आणि शत्रू एवढेसे आणि पार्श्वभूमी जवळजवळ मोकळी ठेवली आहे, त्यामुळे तिथे निभावलं. टेट्रिसमध्ये तर पार्श्वभूमी हलतच नाही. तुकडा एकेक घर उडी मारत खाली येतो, दोन उड्यांच्या मध्ये पडद्याला सावरायला वेळ मिळतो. चार छटा पुरतात. आवाज बंद ठेवला तरी चालतं. इतक्या कमकुवत पडद्यावर इतका चपखल बसणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

टेट्रिसचे हक्क मिळवणाऱ्या हेंक रॉजर्सने निन्टेंडो अमेरिकेचा प्रमुख मिनोरू अराकावा याला पटवलं की लहान मुलांनाच विकायचं असेल तर यंत्रासोबत मारिओ द्या, सगळ्यांना विकायचं असेल तर टेट्रिस द्या. अमेरिकेत आणि युरोपात टेट्रिस खोक्यातच आला. सेरेब्रोव्ह या रशियन अंतराळवीराने १९९३ मध्ये मीर स्थानकावर गेम बॉय नेला, तोही टेट्रिस घालूनच.

तेव्हा माझं म्हणणं : दिवा नसल्यामुळे यंत्र टिकलं, पण ते घराघरात गेलं टेट्रिसमुळे. दोन्ही हवंच होतं.

---

विन्या_ठाणे

सगळे गेम बॉयच्या बाजूने बोलताहेत, म्हणून सेगाची बाजू मांडतो. गेम गिअर एक कोटी सहा लाखांच्या आसपास विकला गेला. हे अपयश कसं? दिवा इतका घातक असता तर एवढ्या लोकांनी तो घेतला असता का? दिवा लिंक्समध्येही होता आणि गेम गिअरमध्येही. मग एक तरला आणि एक बुडाला, हे दिव्याने कसं समजावणार?

फरक खेळांचा आहे. गेम गिअर आतून जवळपास सेगाचं टीव्हीला जोडायचं यंत्र, मास्टर सिस्टीमच. तोच झेड८० प्रोसेसर, तीच चित्रांची पद्धत, फक्त रंगांची निवड ६४ वरून ४०९६ वर नेलेली. त्यामुळे मास्टर सिस्टीमचे खेळ गेम गिअरवर आणणं सोपं होतं. एक जोडणी लावली की मास्टर सिस्टीमची कार्ट्रिजं थेट चालायची, आणि दुसरी जोडणी लावली की तो चक्क टीव्ही व्हायचा. १९९१ मध्ये हातातला रंगीत टीव्ही! सेगाच्या अमेरिकेतल्या जाहिराती गेम बॉयच्या बेरंग पडद्याची उघड टर उडवायच्या, आणि मोठ्या मुलांना ते पटायचं.

---

पिक्सेलवेडा

@विन्या_ठाणे, हा प्रश्न मला हवाच होता. लिंक्स आणि गेम गिअर यांच्यातला फरक खेळांनी आणि कंपनीच्या ताकदीने समजतो, पूर्ण सहमत. दिवा दोघांनाही, त्यामुळे त्या दोघांत तो निवाडा करूच शकत नाही. पण गेम गिअर एक कोटीच्या पुढे फार गेला नाही आणि गेम बॉय व गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांच्या वर गेले. सेगाकडे खेळ होते, जाहिराती होत्या, सॉनिक होता. तरी दहापटीहून जास्त अंतर पडलं. ते अंतर मी दिव्याच्या नावावर मांडतो.

---

तुळशीबाग_नव्वद

आपल्याकडचं कुणीच लिहीत नाहीये. नव्वदच्या दशकात पुण्यात आमच्या ओळखीत गेम बॉय असलेला माणूस म्हणजे ज्याचा मामा-काका परदेशात. बाकी सगळ्यांच्या हातात चिनी बनावटीचा ब्रिक गेम, '९९९९ इन १' असं छापलेला. खेळ मोजकेच, वेग आणि पातळ्या बदलून आकडा फुगवलेला. पण एसटीत, लग्नाच्या हॉलमध्ये, दुपारी आजोळी, सगळीकडे तोच.

त्याचा पडदा आठवा. १० बाय २० चौकोन आधीच कोरलेले, काळे व्हायचे किंवा नाही व्हायचे, एवढंच. दिवा नाही. दोन पेन्सिल सेल घातले की उन्हाळाभर बघायला नको. माझी आजीसुद्धा खेळायची, आणि आमच्यापेक्षा चांगलं खेळायची. योकोईच्या सूत्राचं याहून शुद्ध उदाहरण मला दुसरं दिसत नाही, मग ते बनवणाऱ्याने योकोईचं नाव ऐकलेलं असो वा नसो.

---

स्नेहा_के

सगळे पडद्यावर बोलताहेत, मला तारेबद्दल बोलायचंय. गेम बॉयच्या बाजूला एक छोटं छिद्र होतं, दोन यंत्रं जोडायला. सुरुवातीला ते समोरासमोर टेट्रिस खेळायला वापरायचे. खेळ बनवणाऱ्या सातोशी ताजिरीला त्या तारेतून किडे एका यंत्रातून दुसऱ्यात सरपटत जाताना दिसले. लहानपणी त्याला किडे गोळा करायचा नाद होता. त्या कल्पनेतून पोकेमॉन झाला. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये लाल आणि हिरवी अशा दोन आवृत्त्या आल्या, आणि एका आवृत्तीत सगळे प्राणी मिळूच शकत नाहीत अशी रचना. दुसऱ्याकडे जावंच लागतं. खेळ पूर्ण करायचा तर मित्र हवा!

तार लिंक्सकडेही होती, गेम गिअरकडेही होती. पण तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणी असायला हवं ना? वर्गात दहा जणांकडे गेम बॉय आणि एकाकडे लिंक्स असेल तर त्या एकट्याने तार कुणाला जोडायची?

आणि वर्ष बघा. पोकेमॉन आला तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा होता. एखादं यंत्र सात वर्षं बाजारात टिकतं, म्हणून असा खेळ त्याच्यावर येऊ शकतो.

---

असेंब्लीवाला

+१ स्नेहा. आणि १९९६ मध्येच गेम बॉय पॉकेट आला, दोन बारीक पेन्सिल सेलवर चालणारा, जास्त स्वच्छ पडद्याचा. म्हणजे जुन्या यंत्राला नवं अंग मिळालं आणि नवा खेळही.

---

विन्या_ठाणे

@पिक्सेलवेडा, एक अडचण राहतेच. १९९८ मध्ये जपानमध्ये गेम बॉय लाइट आला. त्यात दिवा होता! दोन पेन्सिल सेल, दिवा लावून १२ तासांच्या आसपास. मग दिवा आणि सेल यांचं वैर कुठे गेलं?

---

पिक्सेलवेडा

उत्तम प्रश्न. गेम बॉय लाइटमध्ये फ्लुरोसंट नळी नव्हती. पातळ, सपाट, निळसर प्रकाश देणारा पत्रा होता, इलेक्ट्रोल्युमिनेसंट. आणि पडदा एकरंगीच. मध्ये रंगीत गाळणी नाही, म्हणून मंद प्रकाशही पुरतो. माझ्या म्हणण्याला यातून उलट बळच मिळतं : फार उजेड लागायचा तो रंगासाठी.

त्याच वर्षी ऑक्टोबरात गेम बॉय कलर आला. रंगीत, आणि तरीही मागे दिवा नाही! शार्पचा असा पडदा, जो बाहेरच्या उजेडातच रंग दाखवतो. दोन पेन्सिल सेल, दहा तासांच्या आसपास. निन्टेंडो रंगाला नाही म्हणत नव्हती. दिव्याविना रंग मिळेपर्यंत ती नऊ वर्षं थांबली. २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सलाही दिवा दिला नाही, त्यावर लोक चिडले आणि त्यांचं बरोबरच होतं, तो पडदा फारच अंधारा होता. २००३ च्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपीमध्ये दिवा आला, तोही पडद्याच्या पुढच्या अंगाने, आणि सोबत चार्ज करायची लिथियम बॅटरी. सेल विकत आणायचे दिवस संपले तेव्हाच दिवा आला.

---

बे_एरियाकर

हे मात्र जोरदार आहे. माझा लिंक्स तरीही माझ्याजवळच राहणार. पण एक भर घालतो. योकोईने १९९६ मध्ये निन्टेंडो सोडली, कोटो नावाची कंपनी काढली आणि बांडाई कंपनीसाठी वंडरस्वान हे हातातलं यंत्र आखलं. ४ ऑक्टोबर १९९७ ला रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. यंत्र बाजारात आलं मार्च १९९९ मध्ये. किंमत ४,८०० येन. एकरंगी पडदा, दिवा नाही, आणि फक्त एक पेन्सिल सेल, त्यावर तीस तासांच्या वर! गेम बॉयची जपानमधली सुरुवातीची किंमत १२,५०० येन होती, त्याच्याशी ताडून बघा. स्वतःचंच सूत्र त्याने आणखी टोकाला नेलं. तोपर्यंत समोर पोकेमॉन आणि गेम बॉय कलर उभे होते, त्यामुळे वंडरस्वान फार पुढे गेला नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

मीनल_ना

आता मुलासाठी यातलं एखादं जुनं यंत्र घ्यावं असं वाटतंय. घेताना काय बघायचं? कुणी दुरुस्ती करतं का इथे?

---

सोल्डरगन

करतो. मीनलताई, मुलासाठी असेल तर जुना राखाडी गेम बॉय घ्या, किंवा पॉकेट.

राखाडी गेम बॉयमध्ये पडद्यावर उभ्या रेघा गायब झालेल्या दिसतात. घाबरू नका. पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीची पकड सुटलेली असते. उघडून त्या कडेवरून सोल्डरिंग आयर्न हलक्या हाताने, जास्त न थांबता फिरवला की बऱ्याचदा रेघा परत येतात. आडव्या रेघा गेल्या असतील तर तो घेऊ नका, ती कड हाताळायला अवघड. सेलच्या खाचेतल्या पट्ट्या उघडून बघा. हिरवट-पांढरा थर असेल तर सेल आत फुटून गळलेले आहेत. थोडा असेल तर व्हिनेगरने निघतो, पण आतल्या बोर्डापर्यंत गेला असेल तर किंमत पाडून मागा.

गेम गिअर घ्यायचा असेल तर आधीच कपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे सुटे भाग) बदललेला घ्या. त्या काळचे बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आता बहुतेक सगळे गळलेले असतात. आवाज खोल जातो, चित्र फिकं होतं, शेवटी पडदा दिसेनासा होतो. ते काढताना माशासारखा वास येतो, त्यावरून गळती लगेच कळते. दुरुस्ती अशक्य नाही, पण तीन वेगळ्या बोर्डांवरचे सगळे बदलावे लागतात. हल्ली बरेच जण ती फ्लुरोसंट नळी काढून एलईडीचा नवा पडदाच बसवतात. मग त्याच सहा सेलवर तो पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ चालतो, हे धागाकर्त्यांसाठी सांगतोय.

विकणाऱ्याला सेल घालून, खेळ लावून, आवाज मोठा करून व्हिडिओ पाठवायला सांगा. नुसता पेटलेला लाल दिवा दाखवत असेल तर पैसे देऊ नका.